सोबत राहणारं माणूस

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयात गेले होते. त्यांचा विशेष मुलगा नंदू आता चाळिशी ओलांडून गेला आहे. कायद्याच्या लेखी तो केव्हाच सज्ञान झाला, पण त्याच्या नावावरच्या ठेवीचं, पुढेमागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं काही करायचं म्हटलं की विशेष व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. काकूंनी कागदांची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणली होती. जन्मदाखला, अपंगत्वाचा दाखला, रेशनकार्ड, काकांचा मृत्यूचा दाखला, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. टेबलापलीकडच्या बाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. कागद लावता लावता त्यांनी काकूंचं वय पाहिलं आणि मायेनंच विचारलं, "आजी, तुमच्यानंतर कोण?" अशा मुलांच्या आईवडिलांना हा प्रश्न पाठ असतो. मूल चार वर्षांचं असल्यापासून त्यांनी तो रात्री एकट्यानं स्वतःला विचारलेला असतो. काकू शांतपणे म्हणाल्या, "सांभाळणारे मिळतील हो. पैसे टाकले की मिळतात. याच्याबरोबर राहणारं कोण मिळणार?" बाईंनी मान हलवली. अर्जात यासाठी रकाना नव्हता. नंदू दाराशी उभा राहून लोकांनी कशाही टेकवलेल्या ओल्या छत्र्या एकेक उचलून मुठी एका बाजूला येतील अशा लावत होता.

त्या वाक्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही.

सांभाळणं आणि सोबत राहणं यांतला फरक काकूंनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. चाळीस वर्षं नंदूबरोबर चहा पिऊन, भाजी निवडून, दुपारची झोप काढून त्यांना तो कळलेला होता. पण हाच फरक ओळखून, त्याच्यावर अख्खी वस्ती उभी केलेली माणसं जगात होऊन गेली आहेत. त्यांतली मला सगळ्यांत जवळची वाटतात ती स्कॉटलंडमधल्या कॅम्पहिल या वस्तीची. माझी एक मैत्रीण ॲबर्डीनजवळ त्यांच्यात राहून आली. परतल्यावर ती संस्थेबद्दल फारसं बोलायची नाही, बोलायची ती जेवणाच्या टेबलाबद्दल. जेवणाआधी सगळे एकमेकांचे हात धरतात, तिच्या एका बाजूला बसणाऱ्या माणसाचा हात नेहमी थंडगार असायचा आणि तो मुद्दाम तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचा. टेबलावर चमचे मांडायचं काम त्याचं. ते दुसऱ्या कुणी केलं तर तो सगळे चमचे गोळा करून पुन्हा मांडायचा आणि तोवर घरात कुणी जेवायला सुरुवात करायचं नाही, मग सूप निवलं तरी चालेल.

हे कॅम्पहिल उभं कसं राहिलं, ते जितकं वाचत गेले तितकी एक गोष्ट मनात ठसत गेली. ही वस्ती कुणा सुखवस्तू परोपकारी माणसानं वसवलेली नाही. ज्यांना स्वतःलाच जगात कुठे थारा उरला नव्हता अशा लोकांनी ती वसवली.

कार्ल कोनिग १९०२ मध्ये व्हिएन्नात जन्मला. आईवडील ज्यू, त्यांचं पादत्राणांचं दुकान. मुलाची पावलं जन्मतःच थोडी वाकडी. तो डॉक्टर झाला, गर्भविज्ञानात रमला, आणि १९२७ मध्ये इटा वेगमान या डॉक्टरबाईंच्या बोलावण्यावरून स्वित्झर्लंडमधल्या आर्लेसहाइमला गेला. तिथे विशेष मुलांच्या एका घरात त्यानं नाताळाआधीचा एक छोटा सोहळा पाहिला. जमिनीवर शेवाळाची चक्राकार वाट केलेली, मधोमध एक मोठी मेणबत्ती. प्रत्येक मूल आपली लहान मेणबत्ती घेऊन, जसं जमेल तसं त्या वाटेनं आत जातं, मधल्या ज्योतीवर ती पेटवून घेतं आणि परत येतं. पंचविशीतल्या त्या डॉक्टरनं तिथेच ठरवलं की आपलं आयुष्य या मुलांबरोबर जाणार. मी हा प्रसंग वाचते तेव्हा मला त्याची ती पावलं आठवतात. त्या वळणावळणाच्या वाटेवर अडखळत चालणारी मुलं पाहताना त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना त्याच्या एरवीच्या विद्वत्तेपेक्षा मला अधिक जवळची वाटते.

आर्लेसहाइमलाच त्याला टिला भेटली. पेशानं परिचारिका, मोरेवियन बंधुसंघाच्या पंथात वाढलेली. या पंथाच्या हेर्नहूट या गावाचं मूळही निर्वासितांतच आहे. धर्मावरून छळ झालेले मोरेवियातले लोक १७२२ मध्ये सॅक्सनीत काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर येऊन वसले, आणि एकत्र राहण्याची, एकत्र काम करण्याची एक शिस्त त्यांनी घडवली. टिलाच्या हाडीमाशी ती शिस्त होती. लग्नानंतर सायलेशियातल्या पिल्ग्रामशाइनच्या संस्थेत दोघांनी काही वर्षं काम केलं. १९३६ मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं, ते व्हिएन्नाला परतले. व्हिएन्नात कोनिगभोवती तरुणांचा एक गट जमला, बहुतेक ज्यू घरांतले. कुणी वैद्यकीचा विद्यार्थी, कुणी चित्रकार, कुणी छायाचित्रकार. तासन्‌तास वाचन आणि चर्चा. मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि त्या चर्चांना एकदम वेगळंच वजन आलं. सगळे पांगणार हे उघड होतं. त्यांनी एकमेकांना शब्द दिला की जिथे कुठे जमेल तिथे पुन्हा एकत्र यायचं आणि वस्ती करायची.

त्या काळाचं दुसरं टोक डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय या शब्दाचं मोल कळत नाही. जर्मनीत १९३३ पासून सक्तीच्या नसबंदीचा कायदा होता. पुढे हिटलरनं सही केलेल्या एका पत्रानं डॉक्टरांना 'असाध्य' रुग्णांना मारण्याची मुभा दिली. पत्रावर मागची तारीख घातली, १ सप्टेंबर १९३९, युद्ध सुरू झालं त्या दिवसाची. ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत विषारी वायूनं सुमारे सत्तर हजार माणसं मारली गेली. मनोरुग्ण, मतिमंद, अपस्माराचे रुग्ण. वायूनं मारणं त्यानंतर थांबवलं, मारणं थांबलं नाही. खुद्द व्हिएन्नात, श्पीगेलग्रुंडच्या दवाखान्यात, शेकडो मुलं औषधं देऊन आणि उपाशी ठेवून संपवली गेली. ज्या शहरातून हे तरुण पळाले, त्याच शहरात. पळून जाऊन त्यांनी जी मुलं जवळ केली ती अगदी तशीच, मागे राहिली असती तर ज्यांची नावं त्या यादीत गेली असती अशी.

मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं.

ॲबर्डीनशायरमध्ये इन्शजवळ हॉटन नावाच्या दांपत्यानं आपल्या मालकीचं कर्कटन हाउस कोनिग आणि व्हिएन्नातून पळालेल्या या तरुणांना राहायला दिलं. जुनं दगडी घर, वीज नाही. १९३९ च्या मार्चअखेर पहिले काहीजण तिथे राहायला आले, २८ मे रोजी, ख्रिस्ती पंचांगातल्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी, घराचं रीतसर उद्घाटन झालं. शहरात वाढलेली ही मुलंमुली. स्वयंपाक, लाकडं फोडणं, कपडे धुणं, भाजीचे वाफे, कशाचीच सवय नाही, इंग्रजीही मोडकंतोडकं. आणि घरात अशी मुलं, ज्यांना रात्री उठवून न्यावं लागतं, भरवावं लागतं, काहींना आकडी येते. तिथे नोकर आणि मालक, डॉक्टर आणि रुग्ण अशी वाटणी करायला माणसंच नव्हती. ज्याला जे जमेल ते त्यानं करायचं. पुढे कॅम्पहिलचं तत्त्व म्हणून जे सांगितलं जातं, म्हणजे कुणालाही पगार नाही, प्रत्येकाच्या गरजा सामाईक पैशातून भागवायच्या, आणि सांभाळणारे व ज्यांना सांभाळायचं ते एकाच छपराखाली, एकाच टेबलावर, त्याची मुळं कोनिगच्या वाचनात आहेत हे खरं. पण माझी समजूत अशी की तत्त्व टिकलं ते त्या पहिल्या हिवाळ्यामुळे. गरीब घरात एकच चूल पेटते.

मग १२ मे १९४० उजाडला. पुन्हा पेन्टेकॉस्टच. ब्रिटनच्या लेखी हे सगळे शत्रुराष्ट्राचे नागरिक. पोलीस आले आणि पुरुषांना घेऊन गेले, पुढे त्यांना आइल ऑफ मॅनच्या छावणीत ठेवलं. मागे राहिल्या बायका आणि मुलं. दरम्यान डी नदीकाठची कॅम्पहिल नावाची इस्टेट घ्यायचं ठरलं होतं. प्रकाशन व्यवसायातल्या मॅकमिलन घराण्यातले एक गृहस्थ आपल्या विशेष मुलासाठी जागा शोधत होते, त्यांनी पैशाचं पाठबळ दिलं. आता नवरे कैदेत, युद्ध दाराशी, अशा वेळी कुणीही म्हटलं असतं की राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. टिला आणि बाकीच्या बायकांनी सामान बांधलं, मुलांना घेतलं आणि १ जूनला कॅम्पहिलला बिऱ्हाड हलवलं. कोनिग सुटून आला तो ऑक्टोबरमध्ये, तोवर घर मांडून झालं होतं. चळवळीला नाव मिळालं ते या घरावरून. संस्थापक म्हणून छायाचित्र लागतं ते कोनिगचं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्याशिवाय हे झालंच नसतं. पण जिथे जिथे मी ही गोष्ट सांगते तिथे १ जूनची तारीख न चुकता सांगते.

आपल्याकडे असं एकत्र राहणं कुटुंबात होतंच की, असं कुणीतरी म्हणतंच. होतं. मी पाहिलंय. कोकणात आत्याच्या घरी तिचे चुलत दीर होते, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. बोलणं दोन-चार शब्दांचं. मे महिन्यात रातांबे फोडायला मागच्या पडवीत बसायचे ते अप्पाच. एका हातानं रातांबा दाबायचा, सालं एका टोपलीत, बिया दुसऱ्या टोपलीत. हात मनगटापर्यंत लाल. आम्ही मुलं शेजारी बसलो की ते न बोलता एक सोललेला गर पुढे करायचे. गुरं त्यांच्या हाकेला ओळखायची. पंगतीला त्यांचं पान सगळ्यांबरोबर, शेवटून दुसरं, ठरलेलं. हे सगळं खरं आहे, आणि हेही खरं आहे की धाकट्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा अप्पांना माळ्यावर पाठवून बाहेरून कडी घातली होती. खाली कांदेपोहे चालले होते आणि वरून त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज येत होता. कुणीतरी पाहुण्यांना सांगितलं, मांजर आहे. अप्पांचं जेवणखाण, आजारपण, नखं कापणं हे सगळं कोण करायचं तर आत्या, आणि आत्याला याबद्दल कुणी कधी विचारलेलं नव्हतं. आपल्या घरांत 'सोबत राहणारं माणूस' म्हणजे जवळजवळ नेहमी एक बाई, आणि ती तिथे असायची कारण तिला दुसरीकडे जायला जागा नसायची. त्यामुळे जुन्या घरांबद्दल मला हळवं व्हायला होतं तेव्हा मी मुद्दाम ती कडी आठवते.

बेल्जियममधल्या गेल गावाची गोष्ट म्हणूनच मला इतकी विलक्षण वाटते. संत डिम्फ्ना हिच्या देवस्थानापायी शतकानुशतकं तिथे मनोरुग्ण आणले जात. देवळात जागा पुरेना, तसे गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या. १९३८ मध्ये असे साडेतीन हजारांहून अधिक लोक गेलच्या घरांत राहत होते. पाहुणे आले म्हणून तिथे कुणाला माळ्यावर पाठवावं लागत नसणार, कारण पाहुण्यांच्या घरीही असंच कुणीतरी असायचं. एका घराला जी लाज वाटते ती गावानं मिळून वाटून घेतली की उरत नाही. आता तिथेही संख्या पुष्कळ घटली आहे, दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांत दिवसभर सोबत कोण असणार, हा प्रश्न बेल्जियमलाही आहेच.

कॅम्पहिलची मुलं मोठी झाली, शाळेची वर्षं संपली, आणि पालक विचारू लागले, आता पुढे? जिल्हाधिकारी कार्यालयातला प्रश्नच, स्कॉटलंडमधला. त्यातून १९५५ मध्ये यॉर्कशायरच्या माळरानावर बॉटन व्हिलेज सुरू झालं. जागा पुन्हा मॅकमिलन घराण्याची. प्रौढांसाठी अख्खं गाव: गोठा, शेती, बेकरी, कारखाने, आणि कामाला येणारा प्रत्येकजण कामकरी. बॉटनमध्ये राहणाऱ्याला सकाळी उठून जायला काम होतं, आणि तो आला नाही तर काम अडायचं. माझ्या मते कॅम्पहिलनं जगाला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ती हीच. वेळ जावा म्हणून हातात दिलेले मणी ओवणं वेगळं आणि आपण दळलं नाही तर उद्या पाव होणार नाही हे माहीत असणं वेगळं. आनंदवनात हे आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे मराठी माणसाला ते समजावून सांगायला नको.

पगाराविना, एकत्र राहणाऱ्या सहकाऱ्यांची ही पद्धत बॉटनमध्येच पुढे अडचणीत आली. २०१४ च्या सुमारास व्यवस्थापक ट्रस्टनं ठरवलं की यापुढे सहकारी पगारी कर्मचारी असतील. कर, कामगार कायदा, देखरेखीचे नियम अशी कारणं होती, आणि ती पोकळ नव्हती. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं एकाच घरात राहिलेली माणसं होती, ज्यांना कळेना की संध्याकाळी सहाला आपल्या घरातला माणूस पाळी संपली म्हणून कुठे जातो. वाद कायद्याच्या दारापर्यंत गेला. शेवटी जुन्या पद्धतीनं राहू इच्छिणाऱ्यांनी एस्क व्हॅलीत आपली वेगळी कॅम्पहिल वस्ती केली. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आणि माझं मन एका बाजूला गेलं नाही.

कारण अशा वस्तीचं दुसरं एक रूप मला विसरता येत नाही. १९६४ मध्ये जाँ वानिए या कॅनेडियन माणसानं फ्रान्समधल्या त्रोली-ब्रुई गावात एक छोटं घर घेतलं आणि संस्थेत खितपत पडलेल्या राफाएल आणि फिलिप या दोघांना आपल्याबरोबर राहायला आणलं. त्यातून लार्श ही चळवळ झाली. १९७० मध्ये ती बंगळूरला 'आशा निकेतन' म्हणून आली. मी वानिएंबद्दल भक्तिभावानं बोलत असे. मग त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्शनंच करवलेल्या चौकशीचा अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं शोषण केलं होतं. त्या स्त्रिया विशेष व्यक्ती नव्हत्या, पण त्यानं माझा संताप कमी झाला नाही. संस्थेनं हे स्वतः खणून काढून जगासमोर ठेवलं, याचा आदर वाटतो. लार्शच्या घरांत आजही सकाळी कुणीतरी कुणाच्या तरी शर्टाची बटणं लावत असेल, आणि ते काम पवित्रच आहे. पण एखाद्या पूज्य माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या, बाहेरून कुणी डोकवायचं नाही अशा वस्तीत मी नंदूला ठेवणार नाही. बाहेरून तपासायला येणारं माणूस, तक्रारीची वही, कायदा हे सगळं मला हवं आहे.

आपल्याकडे हे काम बऱ्याच ठिकाणी पालकांनीच अंगावर घेतलं. बदलापूरचं 'आधार' पालकांतून उभं राहिलं. मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' आहे, तिथे प्रौढ विशेष मित्र घरासारखे एकत्र राहतात. दरवाजे मात्र मोजके, आणि रांगा लांब. मी एका अशाच घरी, नाव सांगत नाही, जेवायला थांबले होते. तिथे एक पन्नाशीची बाई ताटं वाढत होती. मीठ, लिंबाची फोड, चटणी, अशी डावीकडून क्रमानं. वरण आलं तेव्हा तिनं माझ्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुझं झालं की उठायचं नाही. सगळ्यांचं होऊ दे." मी उठले नाही. सगळ्यांत सावकाश जेवणारा मुलगा एकेक शीत उचलत होता. पंधरा-वीस मिनिटं आम्ही खरकट्या हातांनी बसून राहिलो, आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

काकू आणि त्यांच्या ओळखीचे काही पालक आता मिळून काही करता येईल का ते पाहताहेत. जमिनीची भाषा सध्या नाही, शहराच्या कडेला शेजारशेजारचे दोन-तीन फ्लॅट, त्यांत सहा-सात जण आणि त्यांच्यातच राहणारं एखादं जोडपं, इतकंच. गाडी अडली आहे ती त्या जोडप्यापाशी. काकूंचं म्हणणं, पगार दिला की ते नोकर झाले, मग सुट्टी मागणार, मग बदली माणूस येणार आणि नंदू पुन्हा नवीन माणसाकडे बघत बसणार. मी म्हणते, काकू, पगार द्यायचा, भविष्य निर्वाह निधी द्यायचा, आठवड्याची सुट्टीही द्यायची, आणि जेवण मात्र एकाच पातेल्यातलं. आत्याला कुणी सुट्टी दिली नव्हती, ते पुन्हा नको. काकू यावर गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. रविवारी पालकांची बैठक आहे आणि हाच विषय पहिला घेतलाय. एका वडिलांनी फोन करून सांगितलंय की पगाराचा आकडा ठरवण्याआधी मुलांनाही बैठकीला बसवा, त्यांना कुणाबरोबर राहायचंय ते त्यांनाच विचारू. नंदूला तसं सांगितलं, तर त्यानं विचारलं की चहा कोण करणार, आणि तो आपण करू असंही त्यानंच ठरवलं.